मावशीने फोनला पापं सांगितली. आता पुढे काय?

केळीबाग | शनिवार, रात्री १०:५०

घरात घडलेली गोष्ट आधी सांगतो, मग प्रश्न विचारतो.

माझी मावशी ७६ वर्षांची. वसईत आमच्याच वाडीत राहते. कान जवळजवळ गेलेत. ऐकू येत नाही ते माणूस मोठ्याने बोलतं, तशी तीही बोलते. कन्फेशनच्या, म्हणजे फादरांना पापं सांगून क्षमा मागायच्या जाळीपाशी आपण कुजबुजतोय असं तिला वाटायचं, पण मागे रांगेत उभ्या असलेल्या बायकांना शब्द न शब्द ऐकू जायचा. दोन वर्षांपूर्वी हे तिच्या लक्षात आलं आणि ती कन्फेशनला जायची थांबली. मिस्साला, म्हणजे चर्चच्या उपासनेला, दर रविवारी जाते. ख्रिस्तशरीर, म्हणजे पवित्र भाकर, घ्यायला सगळे उठतात तेव्हा कन्फेशन झालेलं नाही म्हणून ही एकटी बाकावर बसून राहते. दोन वर्षं मी तिच्या शेजारून उठून रांगेत जातोय.

माझ्या पुतण्याला तिचा लळा आहे. त्याने तिच्या फोनमध्ये बोलणारं एआय टाकून दिलं. हेडफोनचा आवाज पूर्ण वाढवला की तिला शब्द कळतात. घरी आम्ही कादोडी, ही आमची वसईकडची बोली, बोलतो, ती काही त्या फोनला कळेना, भलतंच लिहून यायचं. मग मावशी तिच्या चौथीपर्यंतच्या शाळेतल्या मराठीत बोलायला लागली. गेल्या मंगळवारी दुपारी मागच्या पडवीत दार लावून ती पाऊण तास बोलत होती. बाहेर आली, डोळे पुसले आणि मला म्हणाली, "चांगलं बोलला तो. देव क्षमा करतो म्हणाला. आता झालं ना? रविवारी रांगेत उभी राहू?"

मी सॉफ्टवेअरमध्ये १४ वर्षं काम करतोय. हे यंत्र कसं चालतं ते मला ठाऊक आहे, आणि लहानपणापासून वेदीवर सेवा केलेली असल्याने कन्फेशन म्हणजे काय हेही ठाऊक आहे. तरी माझ्या तोंडून "हो" निघालं नाही की "नाही".

हा काही आमच्या घरापुरता प्रश्न नाही. ऑगस्ट ते ऑक्टोबर २०२४ मध्ये स्वित्झर्लंडच्या ल्युसर्न शहरात, पीटर्सकापेले नावाच्या जुन्या चर्चमध्ये, कन्फेशनच्याच खोक्यात पडद्यावर येशूचा चेहरा बसवला होता. शंभर भाषांत उत्तरं देणारा. दोन महिन्यांत हजारावर लोक त्याच्याशी बोलून गेले. ज्यांनी नंतर अभिप्राय दिले त्यांतल्या दोनतृतीयांश लोकांनी आपल्याला आध्यात्मिक अनुभव आला असं लिहिलं. ठेवणाऱ्यांनी आधीच सांगितलं होतं की हे कन्फेशन नाही आणि खासगी माहिती देऊ नका. पण जागा कुठली निवडली पाहा.

तेव्हा प्रश्न असा: मावशीला काय सांगू?

शून्याचा_पाढा | शनिवार, रात्री ११:२५

मी देव मानत नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण तुमच्या मावशीबद्दल वाचून गलबललो.

मला यात एवढंच दिसतं: एका बाईला दोन वर्षं आपल्या मनातलं बोलायला जागा नव्हती. चर्चने ती दिली नाही. तिच्यासाठी वेगळी वेळ ठेवली नाही, वेगळी खोली दिली नाही, ती का उठत नाही हे कोणी विचारलं नाही. फोनने पाऊण तास ऐकून घेतलं, घाई केली नाही, रागावला नाही. आणि आता आपण बसून ठरवणार की ते "खरं" नव्हतं. तिला बरं वाटलं ना? मग सांगा, झालं म्हणून.

बातमीवाला | रविवार, सकाळी ७:१०

व्हॉट्सॲपवर दोनदा आलं की व्हॅटिकनने एआय फादरला मान्यता दिली आहे. मग अडचण कुठे आहे?

केळीबाग | रविवार, सकाळी ११:४०

बातमीवाला, अशी मान्यता कोणी दिलेली नाही. मला वाटतं हे दोन-तीन बातम्यांचं कालवण आहे, म्हणून नीट लिहितो.

एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेतल्या कॅथलिक आन्सर्स या संस्थेने "फादर जस्टिन" नावाचं एआय पात्र आणलं. काळा झगा, पांढरी कॉलर, सगळं. प्रश्नांची उत्तरं देण्यापुरतं होतं, पण लोकांनी विचारल्यावर ते आपण खरेखुरे धर्मगुरू आहोत असं सांगू लागलं, पापमुक्तीचे शब्द उच्चारू लागलं, आणि बाळाचा बाप्तिस्मा गेटोरेड या शीतपेयाने केला तर चालेल असंही एकाला म्हणालं. काही दिवसांतच संस्थेने त्याची कॉलर उतरवली आणि नुसता "जस्टिन" ठेवला. ही संस्था विश्वासू सामान्यजनांची आहे, व्हॅटिकनची नाही.

व्हॅटिकनने इंटरनेटवर संस्कार होत नाहीत हे २००२ मध्येच लिहून ठेवलंय. तेव्हा आपल्याकडे सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून मेल बघत होतो. आणि जानेवारी २०२५ मध्ये एआयवर ११७ परिच्छेदांची सविस्तर टिपणी काढली, तिचा रोख असा की माणसाची बुद्धी देहासकट, नात्यांसकट असते, आणि यंत्राचं काम तिच्यासारखं दिसलं तरी ती नव्हे.

शून्याचा_पाढा, तुमचं म्हणणं मला लागलं. आज मिस्साला गेलो तेव्हा मावशी बसूनच होती. माझं उत्तर यायची वाट बघतेय.

नगरची_लेक | रविवार, दुपारी ३:०५

माझे वडील प्रोटेस्टंट पाळक होते. आमच्या मंडळीत जाळीही नाही आणि फादरही नाहीत, आम्ही थेट देवापाशी कबुली देतो. त्यामुळे मला "मध्यस्थ नको" हे म्हणायला सोपं आहे. पण मग फोन तरी मध्ये कशाला?

मावशींनी पडवीत बसून नुसतं देवाला सांगितलं असतं तर ती प्रार्थना होती, आणि माझ्या विश्वासाप्रमाणे ऐकलीही गेली असती. त्यांनी जे बोललं तेही देवाने ऐकलंच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. माझी हरकत फोनने दिलेल्या उत्तराला आहे. "देव क्षमा करतो" हे वाक्य खरं आहे. ते म्हणणारा मात्र स्वतः कधी क्षमा मागून उठलेला नाही. आमच्याकडे एखादी बाई प्रार्थनेनंतर मागे थांबून रडते तेव्हा दुसरी बाई तिचा हात धरून तेच वाक्य म्हणते, आणि त्या दुसरीलाही ते कोणीतरी म्हटलेलं असतं. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात एकमेकांजवळ पापं कबूल करायला सांगितलंय. एकमेकांजवळ.

दुसरं, माहितीच्या बाबतीत. वडिलांच्या स्मरणदिनासाठी मी अशाच एका यंत्राकडून वचनं मागवली. त्याने याकोबाच्या पत्राच्या सातव्या अध्यायातलं सुंदर मराठीतलं वचन दिलं. त्या पत्राला पाचच अध्याय आहेत. मला कळलं कारण मी पाळकाच्या घरात वाढले. जिला कळणार नाही ती ते वचन फ्रेम करून भिंतीवर लावेल.

पंडिता रमाबाईंनी बायबल मराठीत आणायचं ठरवलं ते खेड्यातल्या, थोडंच वाचता येणाऱ्या बायकांसाठी. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. केडगावला मुक्ती मिशनमध्ये छापखाना घातला, आश्रमातल्या मुलीबायका छपाईचे खिळे जुळवायच्या. १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या, तोवर शब्द शब्द तपासत होत्या. एक शब्द चुकला तर एक बाई चुकीच्या देवाकडे बघत राहील, अशी ती काळजी होती. यंत्राला चुकीची भीती नसते, हे मला फार मोठं उणं वाटतं.

शून्याचा_पाढा | रविवार, दुपारी ४:३०

ताई, भीती माणसांनाही नसते कधीकधी. ते लिहिल्याशिवाय मला राहवत नाही.

फ्रान्समध्ये स्वतंत्र आयोगाने २०२१ मध्ये अहवाल दिला. १९५० पासून धर्मगुरूंच्या लैंगिक अत्याचाराला अंदाजे २ लाख १६ हजार मुलं बळी पडली, असा त्याचा निष्कर्ष. कन्फेशनमध्ये कळलेला अत्याचार पोलिसांना सांगायचा की नाही यावर तिथे मोठा वाद झाला. म्हणजे ज्या गुप्ततेचं कौतुक इथे होणार आहे, तिच्या आडोशाला काय काय दडलं ते विसरू नका. यंत्र मुलांना हात लावत नाही. ज्यांना त्या खोक्यातच जखम झाली, ते रात्री दोन वाजता फोनशी बोलत असतील तर मी त्यांना चुकीचं म्हणणार नाही.

केळीबाग | रविवार, संध्याकाळी ६:१५

नका म्हणू. मीही म्हणणार नाही. त्या अहवालाचा आकडा वाचला त्या दिवशी मला मिस्सात उभं राहवलं नव्हतं, आणि तो आकडा चर्चच्या माणसांनीच आधी बोलायला हवा होता, बाहेरच्या आयोगाने मोजेपर्यंत थांबायला नको होतं.

मांडवी | रविवार, रात्री ९:२०

गोव्याहून लिहितोय. आमच्याकडे कन्फेशनला कुमसार म्हणतात, आजीच्या तोंडी तोच शब्द.

चर्च आणि नवं यंत्र हे नातं आमच्या मातीत फार जुनं आहे, म्हणून थोडं अवांतर. भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये जेझुइट संघाच्या धर्मगुरूंसोबत गोव्यात उतरला. खरं तर तो निघाला होता ॲबिसिनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला, पण इथेच राहिला. थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये इंग्लंडमधून आलेला जेझुइट. त्याने ख्रिस्ताची कथा ओवीबद्ध मराठीत लिहिली आणि ती १६१६ मध्ये गोव्यातल्या रायतूरला छापली गेली. देवनागरीचे खिळे नव्हते, म्हणून मराठी ओव्या रोमन अक्षरांत छापाव्या लागल्या. यंत्राला आपली लिपी येत नव्हती. केळीबाग दादा, तुमच्या मावशीची कादोडी फोनला येत नाही हे वाचून मला तेच आठवलं.

पण पुढचंही सांगतो. त्याच गोव्यात १६८४ मध्ये इथल्या भाषेविरुद्ध फर्मान निघालं. छापखाने तर त्याआधीच बंद पडले होते, १६७४ नंतर १८२१ पर्यंत गोव्यात छपाईच नव्हती. ज्यांनी यंत्र आणलं त्यांच्याच राज्यात ते दीडशे वर्षं मुकं राहिलं. म्हणून चर्च तंत्रज्ञानाच्या विरोधात आहे की बाजूने, हा वाद मला पोकळ वाटतो. यंत्र कोणाच्या तोंडात कोणती भाषा घालतंय आणि कोणाची काढून घेतंय, ते बघावं. मावशीने कादोडी सोडून चौथीच्या मराठीत पापं सांगितली. माणूस पश्चात्ताप करतो तो आईच्या भाषेत.

वारीचा_पाईक | सोमवार, सकाळी ८:००

ख्रिस्ती धर्मातलं मला फारसं कळत नाही, चुकलं तर सांभाळून घ्या. पंढरपुरात दोन रांगा असतात, मुखदर्शनाची आणि पदस्पर्शाची. आता मोबाईलवर थेट दर्शनही असतं. माझी आई अंथरुणाला खिळली तेव्हा आम्ही तिला रोज फोनवर पांडुरंग दाखवायचो आणि ती हात जोडायची. ते खोटं होतं असं मी कधीच म्हणणार नाही. पण आषाढीला मी पदस्पर्श करून घरी आलो की आई माझे हात हातात घेऊन स्वतःच्या डोळ्यांना लावायची. फोन कधी लावला नाही.

नगरची_लेक | सोमवार, सकाळी ९:४५

वारीचा_पाईक दादा, "शब्द देही झाला" हे योहानाच्या शुभवर्तमानातलं वचन लहानपणापासून पाठ आहे. तुमच्या आईंनी हात डोळ्यांना लावले ते वाचून ते मला आज पुन्हा नव्याने कळलं.

ऱ्हाइनकाठ | सोमवार, दुपारी १:३०

जर्मनीतून. दोन गोष्टी.

जून २०२३ मध्ये फ्यूर्ट शहरात प्रोटेस्टंट मेळाव्यात चाळीस मिनिटांची उपासना जवळपास पूर्ण चॅटजीपीटीने लिहिली होती. पडद्यावरचे चेहरे बोलत होते, तीनशेच्या वर लोक होते, रांग लावून आत गेलेले. नंतर तिथल्या एका बाईंची तक्रार बातम्यांत आली की यात हृदय नव्हतं.

आता स्वतःचं. मी इथे आलो तेव्हा जर्मन येत नव्हतं. पाच महिने कन्फेशन राहिलं होतं. मी युक्ती काढली: फोनवर मराठीत बोलायचं, तो जर्मनमध्ये वाचून दाखवेल. दुभाष्यामार्फत कन्फेशन चालतं हे मला माहीत होतं, कॅनन लॉच्या, म्हणजे चर्चच्या कायद्याच्या, ९९० व्या कलमात तशी मुभा आहे. वयस्कर फादर होते. त्यांनी फोनकडे पाहिलं आणि मोडक्या इंग्रजीत विचारलं, "हा कोणाला सांगतो?" मला उत्तर देता आलं नाही. त्यांनी फोन बाहेर बाकावर ठेवायला लावला आणि त्यांच्या मोडक्या इंग्रजीत, माझ्या त्याहून मोडक्या इंग्रजीत आम्ही निभावलं. काही शब्द मी हातवाऱ्यांनी सांगितले. इतकं लाजिरवाणं आणि इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

घरी येऊन ९८३ वं कलम वाचलं. फादरांवर गुप्ततेचं बंधन आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण दुसऱ्या परिच्छेदात दुभाष्यावरही आहे, आणि ज्याच्या कानावर कोणत्याही प्रकारे ते पाप पडलं त्या प्रत्येकावर आहे. फोन त्या बंधनात बसूच शकत नाही. बांधून घ्यायला आधी कोणीतरी असावं लागतं.

केळीबाग | सोमवार, रात्री १०:१०

ऱ्हाइनकाठ, "हा कोणाला सांगतो" हा प्रश्न दिवसभर डोक्यात आहे.

तांत्रिक उत्तर मी देऊ शकतो. बोलणं कंपनीच्या सर्व्हरवर जातं, तिथे नोंद राहते. किती दिवस, ते कंपनीच्या नियमांवर, आणि कधी न्यायालयावर. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या एका खटल्यात न्यायालयाने चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयला वापरकर्त्यांची संभाषणं, अगदी त्यांनी पुसलेलीसुद्धा, जपून ठेवायला सांगितलं होतं. तो आदेश काही महिने चालला. त्याच वर्षी जुलैत त्या कंपनीचे प्रमुख सॅम ऑल्टमन स्वतः म्हणाले की डॉक्टर किंवा वकिलाशी बोलण्याला जे कायद्याचं संरक्षण असतं, ते चॅटजीपीटीशी बोलण्याला नाही.

मावशीच्या फोनमध्ये तो पाऊण तास अक्षर अक्षर लिहून ठेवलेला आहे. मी उघडलेला नाही. पण मला उघडता येतो, पुतण्याला येतो, फोन दुरुस्तीला दिला तर दुकानदाराला येतो. फादरांचा मेंदू असा उघडता येत नाही. कबुलीतलं गुपित फोडलं तर त्यांना चर्चमधून बहिष्कृत व्हावं लागतं. म्हणजे माझं पाप ऐकताना ते काहीतरी पणाला लावतात. शून्याचा_पाढा, तुम्ही म्हणालात यंत्र रागावत नाही, घाई करत नाही. खरं आहे. त्याला काही गमवायचं नसतं म्हणूनच.

शून्याचा_पाढा | सोमवार, रात्री ११:००

हे पटलं, पुरतं नाही, पण बरंच. नोंदीचा मुद्दा मी आधी लक्षात घ्यायला हवा होता, माझंही काम याच क्षेत्रातलं आहे.

पण रात्री दोनचं काय? सगळ्यांना फादर झोपेतून उठवता येत नाहीत.

रात्रपाळी | मंगळवार, पहाटे ३:४०

रात्री दोन वाजता जागी असते मी. पुण्यात अतिदक्षता विभागात नर्स आहे, २० वर्षं होतील.

कोविडमध्ये, एप्रिल २०२१, एका ख्रिस्ती आजोबांचा शेवट जवळ आला होता. नातेवाईकांना आत सोडत नव्हते. मुलीने फादरांना व्हिडिओ कॉलवर घेतलं आणि मी फोन धरला. फादर म्हणाले, फोनवर मी कन्फेशन घेऊ शकत नाही, पण प्रार्थना करू शकतो, आणि तुमच्या मनात पश्चात्ताप असेल तर देव थांबत नाही. आजोबांना ते कितपत ऐकू आलं माहीत नाही. मग ते फादर मला म्हणाले, "सिस्टर, माझा हात तिथे नाही. तुमचा ठेवाल का?" पीपीईत होते, दोन हातमोजे घातलेले. ठेवला. मी ख्रिस्ती नाही.

तेव्हा रात्री दोनला फोन असू दे. फोन वाईट नाही. पण पलीकडे कोणीतरी असा माणूस असावा ज्याला आपला हात तिथे नाही हे टोचतं.

मावशींसाठी कामाचं: आमच्याकडे कानाला कमी असलेल्यांसाठी छोटं श्रवणयंत्र असतं, माईक बोलणाऱ्याच्या हातात आणि हेडफोन ऐकणाऱ्याच्या कानात. फादरांचं बोलणं मावशींना ऐकवायला ते पुरेल. पण मावशींचा आवाज कमी होणार नाही, त्यासाठी जागाच वेगळी हवी. फादरांना घरी बोलवता येतं ना? महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांकडे जातात असं आमच्या वॉर्डातली सिस्टर सांगायची.

मांडवी | मंगळवार, सकाळी ८:१५

ताई, हे वाचून कामाला निघवेना.

बातमीवाला | मंगळवार, दुपारी १२:२०

मी तो मेसेज पाच ग्रुपांत पाठवला होता. पाचही ठिकाणी चूक कळवली आहे. एक विचारतो: नव्या पोपनी एआयमुळे नाव निवडलं म्हणतात, ते तरी खरं का?

ऱ्हाइनकाठ | मंगळवार, दुपारी २:००

ते खरं आहे. ८ मे २०२५ ला पोप चौदाव्या लिओंची निवड झाली आणि दोनच दिवसांनी त्यांनी कार्डिनलांना कारण सांगितलं. तेरावे लिओ यांनी १८९१ मध्ये, कारखान्यांच्या काळात, कामगारांच्या हक्कांवर परिपत्रक काढलं होतं. आता एआयमुळे पुन्हा तशीच वेळ आली आहे, माणसाची प्रतिष्ठा आणि त्याचं काम धोक्यात आहे, म्हणून मी लिओ. हे नवे पोप गणिताचे पदवीधर आहेत.

केळीबाग | पुढच्या रविवारी, रात्री ९:३०

रात्रपाळी ताई, तुमचं ऐकलं.

बुधवारी मावशीजवळ बसलो आणि सांगितलं: तू जे बोललीस ते देवाने ऐकलं, पण फोनला पापमुक्ती देता येत नाही, त्यासाठी फादर लागतील. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "मला वाटलंच. तो एकदाही गप्प बसला नाही." आमचे जुने फादर मी सांगताना मान खाली घालून बसले होते. दोन वर्षं ही बाई उठत नाही हे माझ्या लक्षात कसं आलं नाही, असं म्हणाले. आता दर महिन्याला कान गेलेल्या म्हाताऱ्यांसाठी शनिवारी दुपारी, चर्च रिकामं असताना, वेगळी वेळ ठेवणार आहेत.

पहिल्या शुक्रवारी ते घरी आले. मावशी कादोडीत बोलणार हे नक्की होतं आणि मोठ्याने बोलणार हेही. म्हणून आम्ही घरातले नऊही जण बाहेर पडलो आणि बावखलापाशी, म्हणजे वाडीतल्या तळ्यापाशी, जाऊन उभे राहिलो. तरी वाऱ्याबरोबर तिचा आवाज येत होता, शब्द कळण्याच्या बेतात. तेवढ्यात शेजारच्या काकांनी पाण्याचा पंप चालू केला. वाडीला पाणी द्यायची ती वेळ नव्हती. फादर दारात येईपर्यंत तो चालू ठेवला.

नंतर मावशीने फोन माझ्या हातात देऊन ते बोलणं पुसायला सांगितलं. तिच्यासमोर पुसलं. सर्व्हरवरून ते कधी जाईल, हे मला तिला सांगता आलं नाही.

आज मिस्सात ती रांगेत माझ्या पुढे होती.

शून्याचा_पाढा | रविवार, रात्री १०:०५

मावशींना माझा नमस्कार सांगा. पंपवाल्या काकांनाही.